दुसऱ्याच्या हातची टोपली

न्यारिगा गावात गवताच्या टोपल्या न विणणारी बाई सापडणं कठीण. पण आयिनपोकाची टोपली बोल्गाच्या बाजारात न विचारताही ओळखू यायची. लामिसी तिच्या भावाची मुलगी. लहानपणापासून आत्याच्याच घरी वाढली, विणायलाही तिथंच शिकली. पुढे गावातल्या बायकांच्या मंडळाने टोपल्या तपासायचं काम लामिसीला दिलं. वाकडी असेल ती परत, मग कुणाची का असेना.

एकदा शियाच्या झाडाखाली रांग लागली होती. लामिसीने आत्याची टोपली फळीवर ठेवली, तर ती डुगडुगली. बूड उंचसखल झालेलं, निळ्याच्या जागी जांभळं गवत गेलेलं. आत्याला हल्ली नीट दिसत नव्हतं.

"टोपलीला पिटोची दारू चढलीय वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं. बायका खिदळल्या. लामिसीही हसली.

"काय गं, नाही चालत?" आत्याने विचारलं.

"डुलतेय, आत्या. गिऱ्हाईक घेणार नाही."

"बरं." आत्या टोपली काखेत मारून निघून गेली.

लामिसीला घास गोड लागेना. टोपली परत करणं बरोबरच होतं, पण ते हसणं? पुढच्या खेपेला ती स्वतःच आत्याच्या अंगणात गेली. "मी नेते तुझी टोपली, उन्हात कशाला येतेस?" आपल्या घरी आणून तिने ती पार बुडापर्यंत उसवली, नव्याने विणली आणि आत्याच्या नावाने ठेवली.

टोपली सगळ्यांना इतकी आवडली, की मंडळाची प्रमुख आतिपोका म्हणाली, "म्हातारीला बोलवा गं. नव्या पोरींना दाखवू दे, हात कसा असतो ते."

आत्या आली. तिने टोपली मांडीवर घेऊन काठावरून बोटं फिरवली.

"ही माझी नाही."

"असं काय करता, मावशी? तुमचीच आहे," आतिपोका म्हणाली.

"काठ मी आत दुमडते. बाहेर दुमडणारी एकच पोर माझ्या हाताखालून गेली. ओरडून ओरडून घसा बसला, पण सुधारली नाही."

सगळ्यांनी लामिसीकडे पाहिलं.

"मीच विणली," ती कशीबशी म्हणाली. "त्या दिवशी मीही हसले होते, आत्या..."

"ऐकलं होतं मी. तुझं हसणं ओळखता येतं मला," आत्या म्हणाली. "तेही गिळलं होतं. पण माझ्या नावाने टोपली ठेवून तू मला भीक घातलीस, पोरी."

लामिसीची मान वर होईना. आतिपोकाने तपासणीचं काम दुसऱ्या बाईकडे सोपवलं.

आठवड्याने ती गिनी कोंबडी घेऊन माफी मागायला गेली. आत्याने कोंबडी ठेवून घेतली, चटई अंथरली आणि बाजरीच्या पिठाचं पाणी भोपळ्याच्या वाडग्यात घालून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. त्या घरात लामिसी आजवर स्वतःच उठून पाणी घेत आली होती. पाहुणीसारखं तिला कधी कुणी दिलं नव्हतं.

ती ते खाली मान घालून प्यायली.