पहिला आंगठा

बसा हो, आसं दारात उभं राहून कुटं गोष्ट ऐकत असतेत का? ती बाज वढा इकडं. आज तुमाला धुरपताबाईच्या कागदाची गोष्ट सांगतो. निजामाच्या राज्यातली हाय, पन मानसं आपलीच. कागद कसा करावा हे वकील सांगतो. कागद कुनाच्या घरी ठेवावा, हे मात्र धुरपताबाईपासून शिकावं.

ताडकळसला तीन भाऊ व्हते. बापाला दोन बायका. थोरलीचा व्यंकटराव, धाकटीचे मानिकराव आन् चंद्रभान. आता थोरलीला पोर झालं उशिरा. म्हंजी मानिकराव वयानं दोन वर्सं मोठा, पन व्यंकटराव थोरल्या पातीचा. मग मान कुनाचा? ह्याच्यावर दोघांचा जलम गेला. लग्नात टिळा आधी कुनाला, पंगतीत पहिलं पान कुनाचं. एका पोळ्याला तर दोघांच्या बैलजोड्या येशीत आशा अडकल्या, की गावाची बाकीची बैलं पांदीच्या वाटेनं घरी गेली आन् पुरनपोळी खाऊन झोपली, तरी हे दोघं येशीतच.

चंद्रभान सगळ्यात धाकटा. त्याला मान नव्हता, म्हनून ताप बी नव्हता.

बाप गेल्यावर मारुतीच्या पारावर पाच पंचांसमोर वाटन्या झाल्या. रानात दगड रवले, बांद घातले. कागद कुनी केला न्हाई. भावाभावात कागद कशाला, म्हनले. वीस वर्सांत पाचीबी पंच वर गेले आन् एका साली हिवतापानं चंद्रभान बी गेला. मागं बायको धुरपताबाई, आन् वालूरला दिलेली एकच लेक, मनकर्णा.

चौदावा झाला आन् गावचा लोहार धुरपताबाईच्या दारात आला. खाली बघून म्हनला, "वहिनी, व्यंकटराव मालकानं लय मोठा नांगर सांगितलाय मला."

"मग कर की."

"इचारलं मी, येवढा मोठा कशाला? तर म्हनले, धुरपतीचा बांद मोडायचाय."

बाई तशीच उठली, डोईवर पदर घेतला आन् परभनीची वाट धरली. दुसऱ्या दिशी बन्सीधर वकिलाच्या बैठकीत जाऊन बसली. वकील शेरवानीवाला, तोंडात पान, कामं सगळी उर्दूत. पन मानूस बरा. सगळं ऐकून घेतलं.

"वाटनीचा कागद हाय?"

"न्हाई."

"पंच?"

"त्यांचे बी चौदावे जेवून आले मी."

वकिलानं पान थुंकलं. "मग तुमचे दीर म्हनतेल, वाटनी झालीच न्हाई, घर एकत्रच हाय. तसं ठरलं तर रान भावांचं. तुमाला भाकर आन् वर्साला दोन लुगडी. लेकीला काय न्हाई."

"आन् वाटनी झाली आसं ठरलं तर?"

"तर तुमी हाव तवर तुमचं, तुमच्या मागं मनकर्णेचं. पन ते आता दिरांनीच लिहून द्यायला पायजे. आन् ते कशाला संमती देतेल?"

धुरपताबाई म्हनली, "वकीलसाहेब, संमती मागू नका. साक्षीचा मान द्या. मागितलं तर ते द्यायचे न्हाईत. मान म्हनलं की भांडून घेतेत."

वकील हासला. "बरं. पन मग दोघांना आंगठ्याला परभनीला आना."

"एका छकड्यात फुडं कोन बसायचं, ह्याच्यावरच दिस मावळंल. तुमीच या."

वकील आला. ओसरीवर जाजम टाकलं. धुरपताबाईनं दोन्ही दिरांना निरोप धाडला, मालकाच्या मागचा कागद करायचाय, घरच्या थोरल्या मानसाचा पहिला आंगठा पायजे. थोरला कोन, ते काय तिनं सांगितलं न्हाई. दोघंबी नवे फेटे बांधून हजर!

वकिलानं कागद वाचायला घेतला. उर्दूत लिहिलेला, पन वाचला आपल्या बोलीत, खनखनीत. चंद्रभानाची वाटनी बापाच्या मागं झाली, बांदापातुरचं रान त्याचं, त्याच्या मागं धुरपताबाईचं, तिच्या मागं लेक मनकर्णेचं, आन् हे आमा दोघा भावांना ठावं हाय.

तवर व्यंकटराव म्हनायला, "मी वकिलाच्या उजव्या अंगाला बसनार."

मानिकराव म्हनायला, "उजवं अंग वडीलधाऱ्याचं आसतं. तू जलमला तवा मी चड्डी घालून हिंडायलो व्हतो."

"तुझी माय ह्या घरात आली, तवा माझ्या मायनं तिला ओवाळून आत घेतलं!"

वकिलानं दुसऱ्यांदा वाचला. ह्या डावाला भांडन शाईवर गेलं, आधी आंगठा कोन बुडवनार.

तिसऱ्यांदा वाचायच्या आधी धुरपताबाईनं हात जोडले. "दादा, येवढं ऐकून तर घ्या. मागून म्हनाल, बाईनं सांगितलं न्हाई."

व्यंकटराव खेकसला, "तू गप बस बाई! हितं थोरल्यांचं चाललंय."

वकिलानं तिसऱ्यांदा बी वाचला. आता आनखी किती सांगायचं मानसानं?

शेवटाला तोड वकिलानंच काढली. कागद दोन. एकावर व्यंकटरावचा आंगठा पहिला, दुसऱ्यावर मानिकरावचा. लगेच दोघं खूष. आन् धुरपताबाईनं काय करावं? ज्याचा पहिला आंगठा, त्याचा कागद त्याच्याच हातात दिला. वर हळदकुंकू लावून!

वकील छकड्यात बसता बसता डोक्याला हात लावून म्हनला, "बाई, तुमच्याकडं काय ऱ्हायलं? माझ्याकडं नुसती नकल हाय, तिच्यावर आंगठे न्हाईत."

"माझ्या घरी उंदरं हायेत, साहेब. त्यांच्यापरीस नीट कोन सांभाळनार?"

आन् सांभाळला की! मानिकरावनं देव्हाऱ्यात ठेवला, गावाला निघाला की फेट्यात खोवायचा. व्यंकटराव तर बंडीच्या खिशात घालून बाजार हिंडायचा. भाजीवालीला बी दावायचा, "हे बघ, पहिला कुनाचा हाय?" तिला कुटं वाचता येतंय! ती आपली म्हनायची, "तुमचाच, मालक." आन् ह्यांनी तरी कुटं वाचला व्हता?

सालभरात जे व्हायचं ते झालं. धुरपताबाईनं रान आपल्या नावावर लावायला अर्ज दिला आन् दोन्ही दिरांनी मिळून मुन्सफाच्या कोर्टात दावा टाकला. वाटनी झालीच न्हाई म्हनून. जलमात पहिल्यांदा दोघं एक झाले. तारखेला एकाच छकड्यात आले. एक बैलाकडं तोंड करून, एक मागं तोंड करून. फुडं कोन बसलं, ते ज्याचं त्यानं समजावं.

त्यांच्या वकिलानं दोघांना पढवलं व्हतं, "कागदाचं इचारलं तर 'याद न्हाई' येवढंच म्हना. दुसरं अक्षर न्हाई."

मुन्सफानं इचारलं, "कागद पे अंगूठा लगाया था?"

व्यंकटराव म्हनला, "याद न्हाई."

मानिकराव म्हनला, "याद न्हाई."

मुन्सफ बन्सीधर वकिलाकडं वळला. "कागद कहाँ है?"

वकिलाकडं नुसती नकल, आंगठ्याबिगर. दावायला हाय काय? मनकर्णा मागं उभी राहून रडायली व्हती. लेकीचं रान डोळ्यादेखत चाललं व्हतं. दोन्ही कागद आपल्याच हातानं देऊन बसलो, हे धुरपताबाईला आता कळायलं व्हतं. पन तिनं पदर सावरला आन् खालमानेनं बोलली.

"साहेब, मी अडानी बाई. कागदात काय व्हतं ते वकिलाला ठावं. मला येवढंच आठवतंय, पहिला आंगठा मानिकदादांचा व्हता."

झालं! व्यंकटराव गरजला, "खोटं हाय! पहिला माझा हाय!" आन् बंडीतून कागद काढून मुन्सफाच्या मेजावर आपटला.

त्यांचा वकील बाह्या वढायलाय, पन ऐकतो कोन? मानिकरावनं फेटा सोडला आन् आतला कागद काढला. "आन् हे काय हाय? डोळे हायेत का तुला?"

मुन्सफानं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मिशीतल्या मिशीत हासला. मग इचारलं, "हे तुमाला वाचून दावलं व्हतं?"

"तीन डाव!" दोघंबी एकदमच म्हनले.

"ऐकलं?"

व्यंकटराव छाती काढून म्हनला, "मी उजव्या अंगाला बसलो व्हतो. माझ्या आधी कोन ऐकनार?"

मानिकराव म्हनला, "मोठ्याच्या कानावर आधी पडतं, साहेब!"

त्यांच्या वकिलानं आपले कागद गोळा केले आन् बाहेर जाऊन इडी पेटवली.

निकाल धुरपताबाईच्या बाजूनं लागला. रान तिचं, तिच्या मागं मनकर्णेचं. बाहेर येऊन लेक गळ्यात पडली, बाईनं तिचे डोळे पुसले. आन् तिकडं कोर्टाच्या पायरीवर दोघं भाऊ कारकुनाला गाठून इचारायले, निकालात पहिलं नाव कुनाचं लिहिलंय म्हनून.

लोहाराच्या दारात तो मोठा नांगर गंजून गेला. पोळ्याला धुरपताबाई दोन्ही दिरांच्या घरी पुरनपोळीचं ताट धाडायची. दोन ताटं, दोन बाया, आन् दोघींनी उंबरा एकाच येळेला वलांडायचा, आसा तिचा हुकूम. म्हनायची, "कसे बी आसले तरी कागद तेंनीच जपला माझा."

आता तुमी आलाच हाव तर जाता जाता माझं एक काम करा. त्या फडताळात एक कागद हाय, तेवढा काढा. माझ्या लेकीच्या नावाचा हाय. साक्षीला मानूस लागतो. पहिली सही तुमची, मान तुमचा. पन मला वाचता येत न्हाई, तवा आधी मोठ्यानं वाचा. आन् वाचताना, मालक, जरा ऐका बी.