गिरणी लाउसली

मी पोचले तेव्हा आईच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि खोलीभर औषधाचा उग्र वास कोंडला होता.

"हे काय?"

"उवा," मारिविक हळूच म्हणाली. मारिविक दुपारपाळीची मदतनीस. फिलिपिन्सहून आमच्या यॉर्कशरच्या या वृद्धाश्रमात येऊन तिला जेमतेम एक हिवाळा झाला होता. "म्हणजे सापडली एकही नाही. पण आजी रोज संध्याकाळी तेच म्हणतात. लाउस, लाउस. आणि सारखा डोक्याला हात. मग मॅनेजरबाई म्हणाल्या, औषध लावून टाक."

"लॉर्ना," आई टॉवेलाखालून म्हणाली, "काय ओतलंय गं हे माझ्या डोक्यात? मेंढ्या औषधात बुडवायच्या हौदासारखी घाण येतेय."

मी तिला चाकाच्या खुर्चीवरून न्हाणीघरात नेलं आणि केस पुन्हा धुतले. ओले झाले की ते इतके थोडे उरत, की हातात धरवत नसत. एके काळी आईच्या, आयडा हर्स्टच्या, केसांना आमच्या खोऱ्यात कुणी कधी नावं ठेवली नव्हती. शेजारणी तिला गमतीत राणीसाहेब म्हणत, ते त्या केसांमुळेच.

केस पुसता पुसता मी मारिविकला सांगितलं की चूक तिची नाही. पुस्तकातल्या इंग्रजीत लाउस म्हणजे ऊ, हे खरंच. पण आमच्या खोऱ्यात लाउसणं म्हणजे सुटणं. गाडीचा घोडा जुवातून लाउसायचा. संध्याकाळी भोंगा झाला की गिरणी लाउसायची. शाळा लाउसते, रविवारी चर्च लाउसतं. निदान लाउसायचं, आता हा शब्द म्हणणारी माणसं या इमारतीत तीन-चार उरली असतील, आणि त्यांतली दोघं बोलत नाहीत. लहानपणी मी तो निबंधात लिहिला तेव्हा बाईंनी लाल शाईनं खोडून वर शुद्ध शब्द लिहिला होता. आई म्हणाली, "खोडू दे. भोंगा काय त्यांना विचारून होतोय?"

"मग डोक्याला हात का लावतात?"

"रुमाल बांधलाय का ते बघते. घरी जायचं ना. वारा असतो."

मारिविकनं औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आणि मी त्यांना फणी दाखवत होते."

आई गिरणीत रफू खात्यात होती. शाळा सुटली ती थेट तिथेच गेली. मागावरून उतरलेलं लोकरी कापड उतरत्या मेजावर पसरायचं, खिडकीच्या उजेडात इंच इंच बोटांनी चाचपायचं, गाठ लागली की उपसून काढायची, धागा तुटलेला असला की सुईनं असा भरायचा की तुटला होता हे कापडालाही आठवू नये. गिरणी बंद पडली, तिथे आता फ्लॅट झालेत आणि खाली सायकलींचं दुकान आहे. तिची बोटं मात्र कामावरच होती. खुर्चीत बसून ती मांडीवरची चादर चाचपत राही. चहा आणला तर म्हणे, "गिरणी लाउसली का?" कुणी उत्तर दिलं नाही की ती चहाला शिवत नसे. कापडावर डाग पडला तर? भोंग्याआधी ती लघवीलाही उठत नसे. त्यामुळे काय होई ते मारिविक निमूट बदलत होती, धूत होती. आई वाळत चालली होती आणि कुणाला कळत नव्हतं, की तिला फक्त एका शब्दाचं उत्तर हवंय.

"मग मी काय म्हणू?" मारिविकनं विचारलं.

"म्हण, गिरणी लाउसली."

पुढच्या खेपेला गेले तर मारिविक दारातच भेटली. हसू दाबत होती.

"ताई, माझं चुकलं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, 'आजी, गिरणी लाउसते.' तर म्हणाल्या, 'ते मला माहित्येय गं. रोजच लाउसते. आज लाउसली का ते सांग.' आणि परत काम. सँडविच तसंच."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी म्हटलं, 'गिरणी लाउसत्येय.' तर उठल्या की! ताई, इतके महिने उभ्या नव्हत्या राहिल्या. धरधर म्हणेपर्यंत दारापाशी. मी मागून कवेत धरलं, तर मलाच ओरडल्या. 'बघत काय उभी राहिलीस, पोरी? रुमाल बांध, बस चुकेल!'"

"अगं, पडली असती ना."

"पडू देईन का मी? दोघी तशाच खाली बसलो, जमिनीवर. हसत होत्या."

आई खुर्चीतून ऐकत होती. "हिला काळवेळ कळत नाही," ती मला म्हणाली, "पण हात भक्कम आहेत. मागावर चांगली चालली असती."

"आमच्या भाषेत सोपं असतं, आजी," मारिविक म्हणाली. "झालं, चाललंय, व्हायचंय. बस्."

"मग इथे वेगळं काय आहे?" आई म्हणाली. "लाउसली म्हण, की झालं. आण तो चहा."

त्यानंतर रोज साडेपाचला मारिविक आईच्या खुर्चीपाशी वाकून म्हणायची, "गिरणी लाउसली, आजी." आईची बोटं थांबत. ती एक श्वास सोडून मागे टेकत असे आणि कस्टर्ड खाऊन घेत असे. सुट्टीच्या दिवशी मारिविक दुसऱ्या मुलीला शिकवून जाई. मी वाचनालयातलं काम आटपून, दोन बस बदलून पोचले की पुष्कळदा हे सगळं होऊन गेलेलं असे. मी कोट न काढताच तिच्यासमोर बसत असे. आम्ही दोघी दमलेल्या असू.

ती एकदाची सुटावी असं मला वाटायचं का? वाटायचं. पण त्या गोष्टीला हा शब्द लावायचा नाही, हे मी तिच्याकडूनच शिकले होते. बाबा गेले तेव्हा शेजारची बाई तिचा हात धरून म्हणाली होती, "लाउसला गं बिचारा." आई हात सोडवून घेत म्हणाली, "लाउसलेला माणूस संध्याकाळी घरी येतो." मग तिनं त्या बाईला चहा करून दिला.

मार्चमध्ये आईच्या छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, आता इस्पितळात नेण्यात अर्थ नाही. मी रजा टाकून तिच्या उशाशी बसले. डोळे मिटलेले, श्वास मध्येच अडखळणारा, पण बोटं चाललेली. पांघरुणाची कड चिमटीत धरायची, सोडायची, पुढे सरकायची. नर्स म्हणाली की शेवटी बरेच जण असं करतात. बरेच जण करत असतील. आई गाठी शोधत होती.

साडेपाच झाले. मी तिच्या कानाशी वाकले. "गिरणी लाउसली, आई."

बोटं थांबली नाहीत.

"आई, लाउसली. सगळ्या गेल्या घरी."

"जाऊ देत," ती डोळे न उघडता म्हणाली. आवाज नव्हताच, नुसते ओठ. "एवढा तुकडा राहिलाय."

मी मारिविककडे पाहिलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिनं पांघरुणाचं ते टोक उचललं आणि ताणून धरलं, मेजावर कापड धरावं तसं. मग सावकाश, आईच्या बोटांच्या वेगानं, ते तिच्या हाताखालून पुढे सरकवू लागली. मी या बाजूनं धरलं. कापड सरकत राहिलं, बोटं चाचपत राहिली. कुठे अडकली नाहीत. शेवटची शिवण बोटांखालून गेली आणि आईचा हात गादीवर रिकामा राहिला. तिनं तो पालथा केला, पुन्हा उताणा केला आणि तसाच राहू दिला.

ती गेली तेव्हा खिडकीत अजून थोडा उजेड होता.

नर्स येऊन बघून गेली. मारिविकनं आईचं अंग पुसलं, स्वच्छ गाऊन घातला, केस विंचरले. तिची पाळी केव्हाच संपली होती. मी तसं म्हटलं.

"काम हातात होतं ना," ती म्हणाली. तिनं एप्रन काढून त्याची घडी केली. मग दारात थांबून जरा चाचरत म्हणाली, "ताई, मी आता लाउसते. तुम्ही?"

"लाउसेन," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. तिचे बूट वाजत गेले आणि लांबवर बाहेरचं दार उघडून मिटलं. बाहेर वारा होता; दारातून आत येऊन तो पडदा हलवून गेला.

कपाटाच्या खालच्या खणात आईचा रुमाल होता, निळ्या काठाचा. मी तो कोनात दुमडला, तिच्या केसांवरून घेतला आणि हनुवटीखाली बांधला. गाठ कुठे टोचत नाही ना, ते बोटांनी चाचपून पाहिलं.