ताऱ्याचं उद्घाटन

प्राध्यापक रंगनाथ कुऱ्हे यांच्याइतका स्वतःवर खूश असलेला माणूस मी नंतरच्या पन्नास वर्षांत पाहिला नाही. एक पाहिला तेवढा पुरे झाला.

राहुरी तालुक्यातल्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालची हंगामी लेक्चरर. जूनमध्ये मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या शिफारशीवर होतं. त्याची आठवण ते मला रोज चहाच्या वेळी करून देत.

बहात्तरचा मे होता. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरीसुद्धा तळाला गेल्या होत्या. पण दिवस मावळला की कॉलेजच्या गच्चीवरून दक्षिणेला नरतुरंगाचे तारे असे काही लखलखत, की अजूनही उन्हाळ्यात अंधार पडला की माझी मान आपोआप तिकडे वळते. त्याच तारकासमूहातल्या एका दूरच्या दीर्घिकेत एक तारा फुटल्याची बातमी आली. असा तारा थोडे दिवस उजळत जातो, शिखर गाठतो आणि मग विझत जातो. शिखराजवळ त्याचा रंग कोणता होता, हे तेव्हाच मोजावं लागतं. ते दिवस गेले की गेले.

साखर कारखान्याच्या चेअरमननी कॉलेजला दिलेली नवी दुर्बीण होती, तिला जोडलेला प्रकाशमापक होता. निळ्या काचेतून ताऱ्याचा उजेड किती, पिवळ्या काचेतून किती, एवढं मोजायचं. दोन्हींतल्या फरकावरून रंग कळतो. शेजारच्या एखाद्या कधी न बदलणाऱ्या ताऱ्याचं माप तुलनेला घ्यायचं. फुटलेल्या ताऱ्याचं माप वेळेत मिळावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता.

"उद्घाटनाआधी त्या ताऱ्याला हात लावायचा नाही," कुऱ्हे सर म्हणाले.

"सर, तो आपल्यासाठी थांबायचा नाही."

"चेअरमनसाहेब रविवारी येताहेत. तोवर तुम्ही शेजारच्या ताऱ्यावर तालीम करा."

मी तालीम केली. शेजारच्या ताऱ्याचं माप शनिवारी चोख मिळालं.

रविवारी गच्चीवर सतरंज्या पडल्या, लाऊडस्पीकर लागला. चेअरमन कानिफनाथराव आले. सगळे त्यांना दादा म्हणत. दुर्बिणीला डोळा लावून ते म्हणाले, "सर, तारा फुटला म्हंजी मेलाच की. मग ह्ये उद्घाटन हाय का दहावा?"

सगळे हसले. सर सगळ्यांत जास्त हसले. अर्थ कळण्याची वाट पाहायची त्यांना सवय नव्हती.

मग पूजा. यंत्राची पूजा आमच्याकडे सगळेच करतात. खंडेनवमीला नांगराला, शिलाई मशीनला, मोटरीला हळदकुंकू लागतं, त्याला माझी काहीच हरकत नव्हती. दुर्बिणीच्या नळीला एक बोट लावलं असतं तरी भागलं असतं. पण सरांनी प्रकाशमापकाचं झाकण उघडलं आणि दोन्ही काचांना ओल्या हळदीची बोटं लावली. वर उपरण्याने पुसलं. म्हणजे एका जागी होती ती हळद सगळ्या काचेवर नीट सारवली.

"सर, निळी काच धुऊ द्या. हळद निळा उजेड खाते."

"पूजा झाल्या झाल्या धुवायचं? तुम्ही शिकलेल्या बायका अशाच!"

माप घेतलं. तारा तांबूस निघाला. मी म्हणाले, शेजारचा ताराही याच काचेतून पुन्हा मोजू. सर म्हणाले, पंगत थांबली आहे. मंगळवारच्या नगरच्या पेपरात दादांचा दुर्बिणीशेजारी फोटो आला. खाली लिहिलं होतं, "राहुरीकरांना गवसला तांबडा तारा."

त्याच संध्याकाळी मी शेजारचा तारा त्याच माखलेल्या काचेतून मोजून दाखवला. तोही तेवढाच तांबूस झाला होता.

"पाहिलंत सर? हा तर कधी बदलत नाही."

सरांचे डोळे चमकले. "म्हणजे दोन तारे बदलले! बाई, हा दुसरा शोध!"

शिपाई मच्छिंद्र तोंडाला टॉवेल लावून जिन्याकडे पळाला. मी कापसावर स्पिरिट घेऊन सरांच्या देखत काच पुसली. कापूस पिवळा झाला. शेजारचा तारा शनिवारच्या मापावर परत आला, आणि फुटलेला तारा निघाला पांढरा, किंचित निळसर.

"स्पिरिटने काचेचा रंग गेला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कारखान्यावर दादांसमोर उभं केलं. पुण्याच्या परिषदेला पाठवायच्या अहवालावर माझी सही हवी होती, कारण दुर्बिणीवर हात माझा होता.

"बाई, खरा रंग कंचा?" दादांनी विचारलं.

"पांढरा. जरा निळसर."

"मग तांबडं कुठनं आलं?"

"सरांच्या हळदीतून."

दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग रुमालाने डोळे पुसत म्हणाले, "सर, बाई म्हनत्यात त्येच खरं दिसतंय. पर माझा फोटू तांबड्या ताऱ्यासंगं छापून आलाय. आता तारा तांबडाच ऱ्हाऊ द्या. करा बाई सही, नोकरी पक्की समजा."

"नाही दादा, मी करणार नाही."

"मग न्हाई जमायचं," ते म्हणाले आणि फोन उचलून उसाच्या वजनकाट्याचं बोलू लागले. सर माझ्याकडे असं बघत होते, जणू मीच ताऱ्याला फितवलं होतं.

जूनमध्ये मी देवळाली प्रवराच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. माझं माप मी पुण्याच्या एका ज्योतिर्विदांना पाठवलं होतं. परदेशातल्या मापांशी ते जुळलं, असं त्यांनी कळवलं. त्या दिवशी मी दिवसभर वर्गात गुणगुणत होते.

इकडे, असा प्रत्येक तारा उतरणीला लागला की तांबूस होतो, तसा तोही झाला. बाजारात मच्छिंद्र भेटला.

"बाई, सरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, समदं."

"कशाबद्दल?"

"आता समदीकडं तारा तांबडा दिसतोय म्हनं. सर भाषनात म्हनले, आमी लई आधी सांगितलं हुतं. उशीर झाला त्यो ताऱ्यालाच."