पाच फुग्यांचा गॅस

मी बोलतोय, नंदुरबारच्या एका ट्रस्टच्या इस्पितळातला बलून पंप. आज गोड बोलणार नाही, आधीच सांगतो.

थकलेल्या हृदयाला हात देणं हे माझं काम. मोठ्या धमनीत एक लांबट फुगा सरकवतात, मी तो ठोक्याठोक्याला फुगवतो आणि रिकामा करतो. त्यासाठी हेलियमची एक छोटी बाटली माझ्यात बसवलेली असते.

तीन आठवड्यांपूर्वी माझं उद्घाटन झालं. पाहुण्यांची गाडी फाटकात आली आणि फुगेवाल्याचा सिलिंडर अजून रस्त्यातच. ट्रस्टी चुनीलालशेठांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "याना गॅस ले. पाच फुगासघाई काय फरक पडस?" नाही म्हणायला तंत्रज्ञ इंद्रसिंगची जीभ रेटली नाही. चार फुगे आभाळात गेले, टाळ्या झाल्या. पाचवा तपासणीला आलेल्या एका गरोदर बाईने हसत मागून घेतला. रिकामी बाटली पुन्हा माझ्यात बसवली. नवीन मागवायचं सगळे विसरले. मला हार घालायला मात्र कोणी विसरलं नाही.

काल दुपारी धानोऱ्याची कामिनी आली. वय एकोणतीस, बाळंत होऊन बारा दिवस. सकाळपासून छातीत कळा. सासू सिंधुबाईंनी वात समजून ओवा दिला. त्यांना काय बोलू? इथल्या पहिल्या डॉक्टरनेही पित्ताचं इंजेक्शन टोचून दोन तास बसवून ठेवलं. बाई तरुण असली की तिच्या छातीतलं दुखणं कोणी मनावर घेत नाही. मला संताप येतो तो याचा.

डॉ. चेतनांनी अँजिओग्राफी केली तेव्हा कळलं, हृदयाच्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलंय. रक्तदाब कोसळत होता. "सुरतेच्या मोठ्या इस्पितळात पोहोचेपर्यंत पंपावर ठेवू," त्या म्हणाल्या. मला ढकलत आणलं, चालू केलं. बाटलीतला गॅस दाखवणारा काटा शून्यावर.

इंद्रसिंग खाली बघत म्हणाला, "उद्घाटनना फुगासमा भरी दिन्हा, मॅडम."

दाराशी सिंधुबाई बाळाला पदरात घेऊन उभ्या होत्या. "एक फुगा तर मन्ही कामिनीच घर लई येल व्हती," एवढंच त्या बोलल्या.

तिला तशीच गाडीत घातली. नवापूरच्या अलीकडे तिचं हृदय थांबलं.

आज सकाळी नवी बाटली आली, एका फोनवर. वाळलेला हार अजून माझ्या गळ्यात आहे. तो काढा आधी. मला पूजा नको, रोज सकाळी माझा काटा बघा. तीन आठवडे तो शून्यावर होता. एकाने जरी बघितला असता, तर कामिनीला निदान सुरत तरी गाठता आली असती.