डावा कौल

देवीच्या डाव्या खांद्यावर चिकटवलेलं ओलं फूल आधी पडलं. उजवं तसंच राहिलं.

"डावा कौल हाय, सयाजी," रामजी गुरव म्हणाला. "देवी नको म्हणते. पोरीला धाडू नको."

कौल घेतल्याशिवाय सयाजीने आजवर विहीर खणली नव्हती की बैल विकत आणला नव्हता. पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या वाडीत एवढा भाविक माणूस शोधून सापडला नसता. म्हणूनच त्याचा धाकटा भाऊ चांगू निर्धास्त होता.

"राजनंदिनी गणितात एम.एस्सी. झाली, लय झालं," चांगू म्हणाला. "आता महाडात शाळेवर लागंल. बंगलोरला काय करणार?"

"संशोधन. भौतिकशास्त्रात."

"शिकली गणित आन् करणार भौतिकशास्त्र? देवी उगाच नको म्हणते काय!"

सयाजीलाही आधी ते उमगलं नव्हतं. मग एकदा लेकीने परातीत ओल्या वाळूचा ढीग रचला आणि वरून चमच्याने पाणी सोडलं. ढीग बराच वेळ तग धरून राहिला आणि एकदम बसला. "वाळू कधी सुटते ते समीकरणात मांडायचं, बाबा. तिथं गणितवालेच लागतात. म्हणून तर मला घेतलं." वाडीच्या डोक्यावरचा डोंगर दर पावसाळ्यात भेगाळत होता. सयाजीला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

तो उठला. "रामजी, ओलं चिकटलेलं कधी सुटतं तेच शोधायला ती चाललीय. आन् एक फूल सुटलं म्हणून तिला घरी बसवू?"

"दादा, वाडीवर काय संकट आलं तर लोक तुला धरतील!"

"धरू देत. उजवा कौल घेऊनच वरच्या आळीनं घरं बांधलेली. ती दरडीखाली गेली, तवा कुणाला धरलंत?"

सयाजीला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. तो देवीकडे वळला. "रुसायचं तर माझ्यावर रूस, आई. पोरीला सांभाळ."

घरी राजनंदिनी बॅग भरून ओटीवर बसली होती. वीर स्टेशनला जाऊन गाडी पकडायची होती.

"काय म्हणाली देवी?"

"नको म्हणाली."

तिचा चेहरा पडला. सयाजीने बॅग उचलून डोक्यावर घेतली.

"ऊठ गो. मी हो म्हणतोय."

वाट देवळावरूनच होती. कौलाला जमलेली माणसं अजून तिथंच उभी होती. देवीसमोर येताच जन्माच्या सवयीने त्याचे हात जोडायला निघाले. त्याने बॅग आणखी घट्ट धरली आणि तो पुढे चालत राहिला.