सोललेलं बियाणं

माझ्या नवऱ्याला लसूण सोलता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

सकाळपासून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. त्याची थोरली बहीण पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होती. नणंदबाई मोठ्या हॉटेलात आचारी. भाऊ शिवणयंत्र विकून सासऱ्यांच्या शेतावर राहायला गेला, हे त्यांना मुळीच रुचलेलं नव्हतं. "तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?" असं त्यांनी फोनवर विचारलं होतं आणि ते याच्या मनाला फार लागलं होतं. आमचा लसूण खाऊ घालून बहिणीची बोलती बंद करायची, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

मी मागे वाफे तयार करत होते, कारण उद्या लावणी. आणि लावणीच्या आदल्या दिवशी माझे बाबा बियाणं निवडतात.

आमच्या घरात लसणाचा नियम ठरलेला. ढिगातले उत्तम गड्डे बियाण्याला, मधले बाजारात, आणि फुटके, वेडेवाकडे आमच्या पोटात. या जांभळ्या सालीचा लसूण आजूबाजूला कुणाकडेच नाही. बाबांनी दरवर्षी निवडून निवडून तो इथवर आणलाय. एक वर्ष हलकं बियाणं मातीत गेलं, की सगळ्या कष्टांवर पाणी. म्हणून निवड फक्त बाबांची. मला त्यांनी ढिगाला कधी हात लावू दिला नाही. "तुला धीर नाही," म्हणायचे. मला! धीर नाही!

तेवढ्यात कोठीतून त्यांचा आवाज आला. "ढीग कुणी उपसला?"

मी धावले. बाबा ढिगाशी बसून गड्डे उलटेपालटे करत होते. मधले होते, बारके होते, पण बियाण्याजोगा एक म्हणून एक गड्डा नव्हता.  मी तशीच चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरात शिरले.

नवरा पाटावर मांडी घालून बसलेला, समोर सालींचा ढिगारा आणि घमेलंभर पांढऱ्याशुभ्र पाकळ्या. चुलीवरच्या तव्यातून खमंग वास येत होता, म्हणजे काही गड्डे भाजायला गेलेसुद्धा.

"बघ!" तो खूश होऊन म्हणाला. "एकेक गड्डा पारखून काढलाय. ताईला काय फुटका लसूण घालायचा?"

"अरे देवा! अरे, ते बियाणं होतं!"

"बियाणं? लसणाला बी कुठे असतं?"

आता या माणसाला काय म्हणावं! लग्न होऊन तो आला तेव्हा काढणी उरकली होती. लावणी त्याने जन्मात पाहिलेली नव्हती. मी म्हटलं, "ही पाकळी म्हणजेच बियाणं, शहाण्या! सालीसकट लावतात ती!" त्याचा चेहरा खर्रकन उतरला. हातातली पाकळी त्याने इतकी जपून खाली ठेवली की मला रडूच आलं, आणि रागही आला.

बाबा दारात उभे होते. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी नुसती एक पाकळी उचलली आणि उजेडात धरली. शिंप्याची बोटं ती, कुठे नखसुद्धा लागलेलं नव्हतं.

"बूड शाबूत आहे," बाबा म्हणाले. "साल नसली की पाकळी कुजते. पण बूड धड असेल तर एखादवेळेस मूळ धरतेही. सुकायच्या आत मातीत गेली पाहिजे."

मग काय विचारता! एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तो, मध्ये घमेलं, आणि आम्ही वाफ्यांकडे सुसाट. मागून बाबा ओरडतायत, "टोक वर! टोक वर ठेवा!" गुडघ्यावर बसून आम्ही पाकळ्या टोचत सुटलो. पाठ मोडली तरी कुणी मान वर करेना.

"मला जेवायला बोलावलं होतं ना?"

नणंदबाई! चांगले कपडे घातलेल्या, आणि हातात आमचा चुलीवरचा तवा. "घरात चिटपाखरू नाही आणि लसूण करपायला आलेला. शेवटी मीच काढला."

"ताई, नंतर बोलू! टोक वर ठेवून लावा!" मी ओरडले. आपण कुणावर ओरडतोय याचं भानच नव्हतं मला. पण त्या बाईंनी तवा बांधावर ठेवला, बाह्या सारल्या आणि सरळ वाफ्यात बसल्या. आमच्या दुप्पट वेगाने लावत होत्या.

घमेलं रिकामं झालं तेव्हा आम्ही चौघं बांधावर टेकलो आणि तव्यातले भाजके गड्डे पिळून खाल्ले. इतका गोड, इतका मऊ! या शेतात जन्म काढला, पण आमचा उत्तम लसूण मी पहिल्यांदाच चाखत होते. बाबासुद्धा. त्यांनी दुसरा गड्डा उचललेला मी पाहिला.

"हा मला माझ्या स्वयंपाकघरात पाहिजे," नणंदबाई बोटं चाटत म्हणाल्या.

"उगवला तर," बाबा म्हणाले.

त्यानंतर नवऱ्याला ना धड जेवण, ना धड झोप. उठल्यासुटल्या वाफ्यावर. बाबा कामापुरतं बोलायचे. मी मात्र येता-जाता त्याच्यावर डाफरत होते, आणि तो बिचारा ऐकून घेत होता.

आणि एका सकाळी त्याची किंकाळी ऐकू आली. मी अनवाणीच पळाले. हिरवे कोंब! कुठे कुठे खाडे होते, काही पाकळ्या कुजल्याच होत्या, पण बाकी ओळीच्या ओळी वर आलेल्या! मी त्याला गच्च मिठी मारली, उड्या मारल्या, आणि भोकाड पसरून रडलेही.

बाबा आले. वाकून त्यांनी प्रत्येक ओळ पाहिली. मग कंबर धरून उभे राहिले.

"जावईबापू, पुढच्या वर्षीपासून निवड तुम्ही करायची."

"काय?" माझं डोकंच फिरलं. "बाबा! मला एवढ्या वर्षांत शिवू दिलं नाहीत आणि याला?"

"त्या दिवशी मी तो ढीग परत परत चाळला," बाबा म्हणाले. "मी जे जे गड्डे काढले असते, ते सगळेच्या सगळे यांनी काढले होते. कुणी न सांगता. एक चुकवला नाही की एक जास्तीचा घेतला नाही."

 नवरा खाली मान घालून कोंबांकडे बघत राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"बरं, निवडू दे त्याला," मी नाक पुसत म्हटलं. "पण निवडून झालं की गड्डे माझ्या ताब्यात!"