टाकलेलं पाणी

टेलरमास्तरांची टेप गावाच्या कमरा मोजायची, त्यांच्या स्वतःच्या कमरेला मात्र अपुरी पडायची. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. धाकटी बहीण आपलं एक द्यायला एका पायावर तयार होती, पण सर्जन म्हणाले, "आधी बारा किलो उतरवा, मग बघू."

डाएटवाल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं : भाज्या उकळून पाणी टाकावे. बायकोने तो कागद ओट्यावर चिकटवला आणि पदर खोचला. तळण बंद, बिस्किटांच्या डब्याला कुलूप, दोन्ही वेळा भाज्यांचं सूप. मास्तर दुकानात मशीन मारत बसले तरी तिचा फोन यायचा, "अहो, काही खात नाही ना?" पोटात कावळे ओरडत, पण तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. चार महिन्यांत बारा किलो उतरले. बायको शेजारणींना अभिमानाने सांगत सुटली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्त तपासलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं, हृदयाला धोका. ऑपरेशन पुढे ढकललं. मास्तरांना दोन दिवस ठेवून घेतलं. बहिणीची रजा वाया गेली, ती भरलेली बॅग उचलून निघून गेली.

"भाज्यांचं पाणी फेकता ना? सगळं पोटॅशियम त्यातच उतरतं," डॉक्टरांनी विचारलं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर ओट्यावरचा कागद आला.

"बायकोला काही बोलू नका," ते घाईने म्हणाले. "मी सांगतो."

घरी आल्यावर बायको रडवेली होऊन म्हणाली, "माझंच काही चुकलं का हो?"

"छे गं! मीच चोरून केळी खाल्ली." मास्तरांनी खोटं ठोकून दिलं. तिच्या मनावरचा भार उतरलेला पाहून त्यांना बरं वाटलं. मग तिने त्यांना चांगलं फैलावर घेतलं, डोळे पुसले आणि वाफाळता वाडगा पुढे ठेवला.

"आता मी सांगेन तेच खायचं. प्या."

मास्तर वाडग्याकडे बघत राहिले. प्यायलं तर जीव जाणार, बोललं तर ती कोसळणार.

"अगं, हे भाज्यांचं पाणी... टाकायचं असतं."

"टाकलंय की!" ती लगबगीने म्हणाली. "चार महिने रोज टाकतेय, एक थेंब वाया घालवला नाही."

"टाकायचं म्हणजे," मास्तर म्हणाले, "मोरीत."

तिने ओट्यावरचा कागद एकदा वाचला. मग पुन्हा वाचला.